ह्याचा उपेग काय?

विज्ञानकथा वाचणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "काय रे, परग्रहावर माणसं असतात का?" हा विचारताना समोरचा हसत असतो. दुसरा, "पण याचा उपयोग काय?" हा विचारताना तो हसत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. ज्या विश्वात आमच्या मेसची आमटी पिऊन एवढी मुलं धडधाकट राहतात, त्या विश्वात जीवसृष्टी कुठेही असू शकते. (मेसच्या मामांनी राग मानू नये. पुढे त्यांचे उपकारही मान्य केले आहेत.) दुसऱ्या प्रश्नाचं धड उत्तर मात्र मला चार वर्षांत देता आलेलं नाही. आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला तो आमच्या आण्णांनी. त्यांच्या तोंडी तो "ह्याचा उपेग काय?" असा असतो.

आण्णांचं दहिवडीकडे मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. माण तालुका म्हणजे पावसाच्या नावाने बोंब. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळली की शेतकरी ती मोटारसायकलवर मागे बांधून दुकानात आणतो आणि स्टुलावर बसून राहतो. उठतच नाही, कारण तिकडे रानात पीक वाळत असतं. आण्णा जळकी तार काढतात, वेढे मोजतात, नवी तार भरतात, व्हार्निश देतात, तापवतात. मोटार चालू झाली की तिच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात आणि बेअरिंगची तब्येत सांगतात. डॉक्टर लोकांचा स्टेथोस्कोप यापेक्षा फार वेगळं काही करत नसावा. तर अशा माणसाला उपयोग विचारायचा पूर्ण अधिकार आहे. त्यांच्या दुकानात उपयोग नसलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे सुट्टीत कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला मी.

हे वेड मला सातवीत लागलं. तालुक्याच्या वाचनालयातलं मुलांचं कपाट वाचून संपलं होतं. तिथल्या काकांनी वैतागून मोठ्यांच्या कपाटातलं एक पुस्तक काढून दिलं, जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. निम्मं कळलं, निम्मं कळलं नाही, आणि जे कळलं नाही त्यानेच जास्त झोप उडवली. मग भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, मग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. (जावडेकर आय.आय.टी.तून शिकलेले केमिकल इंजिनिअर. आपल्यातलेच म्हणायचे! केमिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

नारळीकरांचा एक किस्सा मला फार आवडतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे खुद्द जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम नको म्हणून त्यांनी ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून ना. वि. ज. असा एक माणूस तयार केला होता. केंब्रिजहून डॉक्टरेट घेतलेला, जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ टोपणनावाने कथास्पर्धेत उतरतो! याचा उपयोग काय, असं त्यांना कुणी विचारलं असेल का?

असो. वाचन हा झाला एक छंद. बाकीचे कुठून आले ते सांगतो, कारण आमच्या खोलीतलं सामान बघून फ्लोअरवरच्या लोकांना मी एकाच वेळी ज्योतिषी, भंगारवाला आणि हेर आहे असं वाटतं. विज्ञानकथेची एक खोड असते. भुताची गोष्ट वाचून झाली की आपण दार नीट लावलंय ना एवढंच बघतो. विज्ञानकथा वाचून झाली की मात्र कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटते. हे असं खरंच होईल का? किती वेळ लागेल? आपल्याला करून बघता येईल का? या तिसऱ्या प्रश्नापाशी शहाणा माणूस थांबतो आणि छंदिष्ट माणूस हार्डवेअरच्या दुकानात जातो.

उदाहरणार्थ मंगळाची वेळ. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं आणि ३५ सेकंदांचा असतो. नासाने २००४ साली स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे रोव्हर मंगळावर उतरवले तेव्हा ते चालवणारी माणसं इथे पृथ्वीवर मंगळाच्या घड्याळाने जगत होती. रोज ऑफिसला चाळीस मिनिटं उशिरा जायचं. म्हटलं, बघू या जमतं का. एस.ई.च्या पी.एल.मध्ये सुरुवात केली. रोज उठायचं आदल्या दिवसापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा, झोपायचंही तसंच. हिशेब केला तर अठरा दिवसांत बारा तासांचा फरक पडतो. म्हणजे मी दात घासत असताना मेसमध्ये रात्रीचं जेवण. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला. दुःख एकच, की तो कुणाच्याही लक्षात आला नाही. कारण पी.एल.मध्ये अख्खं वसतिगृहच मंगळावर असतं.

त्यानंतरचा बटाट्याचा प्रयोग 'द मार्शियन' बघून सुचला. त्यात तो बिचारा मंगळाच्या मातीत बटाटे लावून जगतो. मेसच्या मामांनी मोड आलेले चार बटाटे आणि एक फुटकी बादली दिली (हा पहिला उपकार). तीन महिन्यांनी खिडकीतल्या त्या बादलीतून सुपारीएवढे पाच बटाटे निघाले. माझा रूम पार्टनर सिव्हिलचा. त्याने ते तव्यावर भाजून खाल्ले आणि मंगळावर जायचा बेत रद्द करावा असा अहवाल दिला. सिनेमातल्या चुका पकडणं हा तर आमचा सामुदायिक छंद आहे. त्याच सिनेमात वादळाने यान आडवं व्हायला लागतं, पण मंगळावरच्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथलं वादळ अंगावर आलं तर वाऱ्याच्या झुळकेएवढंच जाणवायचं. असं काही सापडलं की सिनेमा थांबवायचा आणि भांडायचं. दोन तासांचा सिनेमा आम्ही साडेचार तासांत बघतो.

रविवारी सकाळी जुनी पुस्तकं. फूटपाथवरची रद्दी चाळायची, हात काळे करायचे. 'नवल'चे जुने दिवाळी अंक मिळाले तर तो दिवस सोन्याचा. मी पुस्तकाआधी पहिलं पान बघतो. त्यावर आधीच्या मालकाने काय लिहिलंय, कुठला शिक्का आहे, किती साली, किती रुपयांना. आर्थर क्लार्कच्या 'रॉन्देव्हू विथ रामा'ची माझी प्रत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगार वाचनालयाची आहे. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे अकरा शिक्के. म्हणजे पहिली पाळी संपवून घरी जाताना कुणीतरी बगलेत एक परकं यान घेऊन गेलं होतं. अकरा वेळा. अशा शिक्क्यांची माझ्याकडे आता एक वही भरलीय. पोस्टाची तिकिटं पण आहेत, त्यात १९७५ चं आपल्या 'आर्यभट्ट' उपग्रहाचं एक आहे, पण त्याबद्दल मी फार बोलत नाही कारण तिकिटं जमवणारे खरे लोक फार कडक असतात.

एका माणसाला इतके छंद असू नयेत असं ज्यांना वाटतं त्यांनी या लेखकांकडेच बघावं. एच. जी. वेल्सने काळयान लिहिलं, मंगळावरची स्वारी लिहिली आणि १९१३ साली शिशाचे सैनिक जमिनीवर मांडून खेळायच्या लढाईचे नियम लिहिले. 'लिटल वॉर्स' हे त्या पुस्तकाचं नाव. चांगला पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचा बाप्या गुडघ्यांवर रांगत खेळण्यातल्या तोफा डागत होता. व्हर्नला होड्यांचा नाद. एकापाठोपाठ तीन घेतल्या आणि तिन्हींचं नाव एकच, 'सँ मिशेल'. आसिमोव्हने माणसांना अख्ख्या आकाशगंगेत हिंडवलं आणि स्वतः विमानात बसणं टाळलं. क्लार्क समुद्रात बुडी मारायच्या नादापायी १९५६ साली श्रीलंकेत जाऊन राहिला तो कायमचाच. याच क्लार्कने १९४५ साली एका रेडिओच्या मासिकात लिहून ठेवलं होतं, की विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो आकाशात एका जागी उभा राहील आणि असे तीन ठेवले की जगभर संदेश पोचतील. तीस वर्षांनी, १९७५ मध्ये, आपल्या देशात तसल्याच उपग्रहावरून सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हा इस्रोच्या लोकांनी क्लार्कच्या कोलंबोच्या घरीही एक डिश बसवून दिली. स्वतःच्या कल्पनेतला उपग्रह स्वतःच्या गच्चीवर! मी ई अँड टीसीला आलो त्यात या एका किश्शाचा हात मोठा आहे. आण्णांना सांगितलं होतं की या ब्रँचला स्कोप आहे.

आता गच्चीचाच विषय निघालाय तर माझ्या सगळ्यात लाडक्या छंदाकडे येतो. हवामानाचे उपग्रह ऐकणे. बघणे नव्हे, ऐकणे. अमेरिकेचे नोआ मालिकेतले तीन जुने उपग्रह, १५, १८ आणि १९ नंबरचे, खालची चित्रं टिपत फिरायचे आणि ती तिथल्या तिथे १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास सगळ्यांसाठी प्रक्षेपित करायचे. ना पासवर्ड, ना पैसे. ज्याच्याकडे अँटेना आहे त्याने घ्यावं. १३७ मेगाहर्ट्झची लहर साधारण २ मीटर १९ सेंटिमीटरची, तिचा चौथा हिस्सा म्हणजे ५४-५५ सेंटिमीटर, त्यातून जरा कमी करून ५३ सेंटिमीटरच्या दोन तारा १२० अंशात मराठी सात उघडून ठेवल्यासारख्या लावायच्या. झाली अँटेना. पुढे पेन ड्राइव्हएवढा एक रिसीव्हर आणि लॅपटॉप. उपग्रह क्षितिजावर आला की खरखरीतून हळूहळू एक आवाज वर येतो, टिक-टॉक टिक-टॉक, घड्याळ शिट्टी वाजवत चाललंय असा. दर सेकंदाला चित्राच्या दोन ओळी. बारा-चौदा मिनिटांनी तो पलीकडे मावळतो आणि आपल्याकडे ढगांचं एक चित्र राहतं. इंटरनेटवर याहून शंभरपट चांगली चित्रं फुकट मिळतात हे मला मान्य आहे. बाजारात याहून चांगले बटाटेही मिळतात.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, मी चार दिवस घरी गेलो होतो. २० मे ला सकाळी नारळीकर सर गेल्याची बातमी आली. घरात कुणाला सांगावं असं काही नव्हतं. आई म्हणाली, "तुझे पुस्तकवाले का रे?" आणि चहा टाकला. मी दिवसभर दुकानात बसून होतो. त्या वर्षी पाऊस मे मध्येच सुरू झाला होता, त्यामुळे मोटारींची कामंही थंड होती. दोन दिवसांनी संध्याकाळी उघडीप मिळाली म्हणून मी आण्णांच्या दुकानातली जाड तांब्याची तार घेऊन गच्चीवर अँटेना बांधली. आण्णा दुकान बंद करून वर आले, ते तार मोजून घेतली का विचारायला.

नोआ-१५ डोक्यावर येत होता. आवाज सुरू झाला. आण्णा दारातच थांबले.

"काय वाजतंय?"

"उपग्रह, आण्णा."

"कुठं हाय?"

मी हाताने दाखवलं. तिकडे नुसते ढग. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग मोटारीपाशी लावतात तसा कान लॅपटॉपजवळ नेला आणि म्हणाले, "बेरिंगचं काम हाय ह्याच्यात."

मी सांगायला लागलो की हा आवाज मोटारीचा नाही, चित्राचे सिग्नल आवाजाच्या रूपात येतात वगैरे. निम्म्यात थांबलो. कारण त्या उपग्रहात मोटार होती. म्हणजे, तिथे सगळं त्या मोटारीवरच चालायचं. एक आरसा मिनिटाला ३६० फेरे मारत खालची जमीन एकेका ओळीने झाडून काढायचा, तो ही मोटार फिरवायची. आणि नोआ-१५ ची ही मोटार खरोखरच आजारी होती. जुलै २०१९ मध्ये ती अडखळली, चित्रं बंद पडली, आणि नंतर पुन्हा चालू झाली. हे मी आण्णांना सांगितलं. त्यानंतर जे झालं ते माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. आण्णा माझ्या छंदाबद्दल प्रश्न विचारायला लागले.

"कवा सोडलाय वर?"

"१९९८ ला."

"सत्तावीस वर्सं? ग्रीस कोण घालतंय?"

"कोण नाही."

"मग गरम झाल्यावर?"

"तिथं हवा नाही आण्णा, थंड करायला."

ते खाली गेले आणि बिलबुक घेऊन आले. बिलाच्या पाठीमागे आम्ही गुणाकार केला. मिनिटाला ३६०, गुणिले साठ, गुणिले चोवीस, गुणिले ३६५, गुणिले सत्तावीस. सलग चालली असं धरलं तर पाचशे कोटींच्या वर फेरे. आण्णांनी दोनदा ताळा केला. तोपर्यंत चित्र आलं होतं. अरबी समुद्र, कोकणाच्या किनाऱ्याला लागून ढगांचं मोठं भेंडोळं, आणि मध्येच मोटारीच्या दुखण्याने फाटल्यासारख्या दोन-तीन ओळी. मला ढगांचं कौतुक. आण्णांनी बोट ठेवलं ते त्या फाटक्या ओळींवर. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणी भरली आसंल ही मोटर?"

मला माहीत नव्हतं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. एवढी पुस्तकं वाचतोस आणि हे माहीत नाही, असा तो चेहरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गिऱ्हाईक जळकी मोटार घेऊन आलं, तेव्हा मी आतून ऐकलं, "पाचशे कोटी फेरे, बिनग्रीसचे. आन तुमची दोन वर्सांत जळती. व्होल्टेज बघत जावा जरा."

इकडे कॉलेजात यंदा प्लेसमेंटची गडबड सुरू झाली. बायोडेटा कसा लिहावा यावर आम्हाला एक व्याख्यान झालं. त्यात सांगितलं की हॉबीज दोनच लिहा, जास्त लिहिल्या तर माणूस सैरभैर वाटतो. माझ्या यादीत तेव्हा नऊ होत्या. 'वाचन, संगीत' असं लिहून मोकळं व्हावं असं पार्टनरचं मत पडलं. मी एकच लिहिली, विज्ञानकथा. म्हटलं, बाकी सगळं त्यातच आलं. मुलाखतीत एका साहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की परग्रहावर माणसं असतात यावर तुमचा विश्वास आहे का. (ते हसत होते. पहिला प्रश्न!) मी उपग्रहाचं सांगितलं. दुसऱ्या साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "हे हॅकिंग तर नाही ना?" नोकरी लागली. जुलैत रुजू व्हायचंय, हैदराबादला. काम सॉफ्टवेअरचं, अँटेनाचा संबंध नाही. आण्णांनी पेढे वाटले. त्यांना उपेग विचारायची गरज उरली नाही आणि मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. शैक्षणिक कर्जाचा हप्ता काही आकाशगंगेतून येत नाही.

पण त्याच सुमाराला एक गोष्ट झाली. नोआ-१८ जूनमध्येच बंद केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आधी नोआ-१९ आणि मग नोआ-१५ सुद्धा कायमचा बंद करण्यात आला. तिघंही म्हातारे झाले होते, ठरलेल्या आयुष्याच्या कितीतरी पुढे चालले होते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन नेहमीच्या वेळेला रिसीव्हर लावून बघितला. खरखर. रशियाचे मिटिऑर उपग्रह त्याच पट्ट्यात आहेत, त्यांची चित्रं जास्त स्वच्छ येतात, पण त्यांचं प्रक्षेपण डिजिटल. ते टिक-टॉक नाही.

रविवारी घरून फोन आला. ऊस, पाऊस, आईचे गुडघे हे सगळं झाल्यावर आण्णा म्हणाले, "ती मोटर हाय का चालू?"

"बंद केली आण्णा."

"जळली?"

"नाही. खालून हुकूम देऊन बंद केली."

"मंग ठीक हाय." थोडं थांबून, "चालू मोटर बंद करणं येगळं आन जळणं येगळं." मग फोन ठेवता ठेवता, "मोटरचं कळलं. पर आरसा कसा करत्यात रं?"

तर आमच्या खोलीतून सप्टेंबरपासून रात्री जी खरखर ऐकू येते तिचं मूळ हे आहे. मी सहा इंची दुर्बिणीचा आरसा घासतोय. पुण्यात हौशी लोकांनी आरसे घासायची जुनी परंपरा आहे. ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची आहे. दोन काचेच्या जाड चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पावडर आणि पाणी. खालची स्थिर, वरची पुढे-मागे ढकलायची आणि आपण पिंपाभोवती फिरत राहायचं. पिंप मामांनी दिलं, तेलाचं रिकामं (दुसरा उपकार). त्यात पार्टनरने वाळू भरून दिली, सिव्हिलचा तेवढाच फायदा. गंमत अशी की या घासण्यात वरची काच आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर. बाराशे मिलिमीटर नाभीय अंतरासाठी मध्यभागी खोली लागते फक्त सुमारे १.२ मिलिमीटर. तेवढ्यासाठी दोन आठवडे गेले. मग पावडर बारीक, आणखी बारीक, आणि आता डांबराच्या जातीच्या पिचवर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. आता जी चूक चालते ती सुमारे सत्तर नॅनोमीटर, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. ती मोजायला काय लागतं? एक एल.ई.डी. आणि दाढीचं ब्लेड. फूकोने १८५८ साली काढलेली युक्ती. आरशावरून परत येणारा प्रकाश जिथे एकवटतो तिथे ब्लेडची धार सरकवायची, की काचेवरचे उंचवटे चंद्रावरच्या डोंगरांसारखे दिसायला लागतात. काचेवर अंगठा अर्धा मिनिट टेकवून मग बघा. उबेने काच तेवढीच फुगते आणि तिथे टेकडी उभी राहिलेली दिसते, हळूहळू विरत जाते. हे बघायला निम्मा फ्लोअर येऊन गेला. रेक्टर सर एकदा खरखरीची तक्रार ऐकून वर आले होते. शिस्तीबद्दल चार शब्द बोलले, मग बाह्या सरसावून वीस हात मारून गेले. त्यानंतर दोनदा "कुठवर आलं?" म्हणून विचारून गेलेत.

आता अडचण अशी आहे की मे अखेर खोली सोडायची आणि पॉलिश अजून कडेला पोचलेलं नाही. परवलयाचा आकार देणं तर पुढेच आहे. हैदराबादला तिघांच्या खोलीत कॉट आणि कपाट एवढीच जागा मिळणार, तिथे पिंपाभोवती फिरायचं कुठून? अर्धा आरसा पेटीत घालून नेला तर तो तसाच राहील हे मला माहीत आहे. अशा पेट्या मी रद्दीवाल्यांकडे पाहिल्यात. आण्णांनी मात्र तिकडे दुर्बिणीचा पाया करायला घेतलाय. एका भंगार साडेसात एच.पी. मोटारीची बेअरिंग काढून त्यावर फिरता पाट बसवलाय आणि फोनवर विचारतात, नळी केवढ्या व्यासाची? आमच्या माणदेशात पाऊस नाही पण अंधार भरपूर, त्यामुळे जागेचा प्रश्न मिटला. फक्त आरसा वेळेत झाला पाहिजे.

म्हणून एक विनंती. खोलीवर रोज रात्री साडेनऊ ते अकरा काम चालतं. पुढे आरसा घासायची ज्याला हौस असेल, विशेषतः एफ.ई., एस.ई.च्या मंडळींपैकी, त्याने यावं. राहिलेलं पिच, पावडरी आणि पिंप मी त्याच्याच हवाली करून जाणार आहे. येताना चप्पल बाहेर काढायची आणि हात कोपरापर्यंत धुवायचे. जाड पावडरीचा एक कण जरी पॉलिशवर आला तरी ओरखडा पडतो.